दाराआतला माणूस

बैरूत, २ मार्च १९६६

प्रिय मितरीकाका,

तुमचा हात चुंबून पत्राला सुरुवात करते. मी मजेत आहे, उपवास पाळते आहे, मठाच्या स्वयंपाकघरातली तीच ती मसूर-भाताची मुजद्दरा रोज खाऊन कंटाळले आहे. घरच्या कांद्याची चव इथल्या कांद्याला नाही.

लिहायला कारण असं की यंदा पास्काच्या, इथल्या भाषेत ईस्टरच्या, सणाचे धडे माझ्या गळ्यात पडलेत. दरवर्षी शिकवणाऱ्या म्हाताऱ्या सिस्टर जिन्यावरून घसरल्या आणि मदर मला म्हणाल्या, "नजला, तुमच्याकडे पाद्री संसार करतात, तू तर पाद्र्याची मुलगी, तुला सगळं येत असेल." मला काय येतं ते मला ठाऊक! मुली दहा-अकरा वर्षांच्या आहेत आणि त्यांच्यापुढे उभं राहणं म्हणजे रोज परीक्षेला बसणं आहे.

काल मी त्या रविवारच्या संध्याकाळची गोष्ट सांगत होते. शिष्य भीतीनं दार आतून लावून बसलेत आणि शुक्रवारी क्रूसावर मेलेला येशू दार न उघडताच येऊन त्यांच्यामध्ये उभा राहतो. मग मला हौस आली आणि मी आपल्या ऐन-तूताची प्रथा सांगितली. पास्काच्या पहाटे सगळं गाव मेणबत्त्या घेऊन चर्चबाहेर थंडीत उभं. दार बंद. आत काळोखात एकटे तुम्ही. बाबा क्रूसाच्या दांड्यानं दार ठोकून ओरडतात, "दारांनो, उघडा, गौरवाचा राजा येतो आहे!" आणि तुम्ही नरकाच्या राखणदाराच्या आवाजात आतून विचारता, "कोण हा गौरवाचा राजा?" असं तीनदा होतं, मग तुम्ही अडसर काढता आणि उजेड आत घुसतो. तुमचा आवाज काढून दाखवला तर पहिल्या बाकावरच्या दोघी दचकल्या.

तेवढ्यात एकीनं हात वर केला. "मिस, जो बंद दारातून आत येऊ शकतो, तो तुमच्या गावात दार कशाला ठोठावतो?"

काका, घंटा झाली म्हणून वाचले. बाबांना विचारलं तर ते चार पानांचं प्रवचन पाठवतील. तुम्ही गेली एकोणीस वर्षं त्या दाराच्या आत बसताय. तुम्हाला काय वाटतं?

तुमची,
नजला

•

ऐन-तूता, ९ मार्च

नजला पोरी,

हात चुंबू नकोस, साबणाची चव लागेल.

तुझ्या त्या मुलीला सांग की मितरी न्हाव्यानं तिला सलाम पाठवलाय. हा प्रश्न मी दरवर्षी काळोखात बसून स्वतःला विचारतो. उत्तर मिळालं असतं तर एव्हाना बिशप झालो असतो, लोकांच्या हनुवट्या खरवडत बसलो नसतो. बाहेरच्यांना गाणी असतात, मेणबत्त्या असतात, एकमेकांच्या अंगाची ऊब असते. आतल्या माणसाला फक्त उंदीर आणि विचार. मला एवढंच कळलंय की त्या खोलीत त्याचे दोस्त होते. दोस्ताच्या घरात माणूस न विचारता शिरतो. ज्याच्याशी धड बोलणं नाही, त्याचं दार ठोठावावं लागतं. पण हे काही पक्कं उत्तर नव्हे, वर्गात सांगू नकोस.

आणि त्या खोलीतला माझा माणूस कोण, विचारशील तर थोमा. पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला म्हणून सगळे त्याला शंकेखोर म्हणतात. मी म्हणतो, त्या संध्याकाळी तो होता कुठे? दहाजण कडी लावून आत बसलेले. दहा माणसांना पोट असतंच ना? कुणीतरी भाकरी आणायला बाहेर पडलंच असणार. म्हणजे त्या सगळ्यांत न घाबरलेला तो एकटा, आणि परत येतो तर हे सांगतात, तू नव्हतास तेव्हा प्रभू येऊन गेला! माझी तर तिथेच सटकली असती.

गाव ठीक. जर्दाळूला फुलं लवकर आलीत, थंडीचा मार बसणार. एक बघतोय, लोक हल्ली फार हळू बोलायला लागलेत. पूर्वी माझ्या खुर्चीत बसला की माणूस बायकोपासून सरकारपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायचा. आता नुसते ओठ हलवतात. तुझा बापही त्यातलाच. गेली दोन वर्षं दाराबाहेरून उत्तर देतो ते पुटपुटल्यासारखं. मी आतून घसा फोडायचा आणि अबूना बुलुस, सगळ्या गावाचे 'आमचे बाबा', मला तोंडातल्या तोंडात उत्तर देणार. त्याचं नाक मी पुसलंय लहानपणी, हे विसरला असेल.

तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ठरवलंय म्हणे, यंदा आत शुक्रीला बसवायचं. शुक्री म्हणजे आपला टपालवाला, रेड्यासारखा आवाज आहे. मितरी म्हातारा झाला, गेल्या वर्षी राजाचं उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा प्रश्न विचारला, लोक हसले, असं त्यांचं म्हणणं. बसवा म्हणावं. मला काय, तेवढीच पहाटेची झोप होईल.

तुला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नकोस. वर्षभरात तुझा बाप माझ्याशी बोलतो ते एवढंच. मी विचारतो, तो उत्तर देतो, तीन वेळा. शब्द स्तोत्रातले असले तरी आवाज त्याचा असतो. शुक्री आत बसला की तेही संपलं. मग आम्ही दोघं मरेपर्यंत रस्त्याच्या दोन कडांनी चालणार.

हे पत्र शुक्रीच नेणार आहे, म्हणून पाकीट नीट चिकटवतो.

तुझा काका,
मितरी

•

बैरूत, १६ मार्च

प्रिय मितरीकाका,

तुमचा हात, साबणासकट, चुंबते.

तुमचा थोमा वर्गात फार गाजला. भाकरी आणायला गेलेला थोमा! मुलींनी लगेच वाद घातला की भाकरी होती की मासे, आणि दुकानं उघडी होती का. मदर दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मला वाटलं आता रागावतील, तर म्हणाल्या, "हे कुठल्या टीकाग्रंथात आहे?" मी म्हटलं, आमच्याकडच्या एका जुन्या अभ्यासकाचं मत आहे.

पण तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि माझं हसू मावळलं. काका, एक विचारू? रागावू नका. आई लिहिते की यंदा बाबांचा आवाज इतका चढलाय की मिस्सेच्या प्रार्थनेत दिवे हलतात, मागच्या बाकावरची पोरं कानात बोटं घालतात. आणि तुम्ही म्हणता ते पुटपुटतात. टपालवाला शुक्री कधी हळू बोललाय का आयुष्यात? तोही तुम्हाला ओठ हलवताना दिसतो का? जाह्लेला कानाचे डॉक्टर आहेत. मी सुट्टीत आले की आपण जाऊ, कुणाला कळणार नाही.

दुसरं. तुम्ही दोघं का बोलत नाही, हे मला आजवर कुणीही सांगितलं नाही. आईला विचारलं की ती पातेली घासायला घेते. मला एवढंच माहीत की आजीच्या मातीच्या वेळी काहीतरी झालं. तेव्हा मी पाच वर्षांची होते, बर्फ आठवतं आणि तुम्ही दारात उभे होता ते आठवतं, टोपीवर बर्फ. मी आता मोठी झाले आहे. मला सांगाल?

शुक्रीचं मी बघते. कारभाऱ्यांना बाबाच समजावू शकतात आणि बाबांना मी.

तुमची,
नजला

•

ऐन-तूता, २५ मार्च

नजला,

तुझं पत्र येऊन आठवडा होऊन गेला. उत्तर दिलं नाही कारण रागावलो होतो. कान माझे आहेत, पन्नास वर्षं मी त्यांच्यानं लोकांची सगळी भानगड ऐकली, त्यांना अजून कुणी नावं ठेवली नव्हती. मग काल शुक्री दुकानात आला, मी त्याच्याकडे पाठ करून वस्तऱ्याला धार लावत होतो. वळलो तर तो लालबुंद होऊन उभा, आणि बाहेरून बेकरीवाला आत डोकावून बघतोय काय झालं म्हणून. शुक्री किती वेळ ओरडत होता देव जाणे. तेव्हा आता राग नाही. तू कुणाला सांगू नकोस म्हणजे झालं. बहिरा न्हावी म्हणजे लोकांना करमणूक.

आज मरियेला देवदूताचा निरोप आला तो सण, मासे चालतात, म्हणून पोटभर खाऊन लिहायला बसलोय. तू विचारलंस ते सांगतो.

सत्तेचाळीसच्या जानेवारीत मी बैरूतला होतो, बुर्जच्या चौकातल्या दुकानात. तार आली की आई गेली. मिळेल त्या गाडीत बसलो. दहर-अल-बैदरच्या घाटात बर्फानं रस्ता बंद. एक रात्र गाडीत काढली, मग ड्रायव्हर म्हणाला आज पण होणार नाही, तेव्हा खाली उतरलो आणि चालत निघालो. गावात पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तिसरा दिवस होता.

आपल्या घराण्याची कबर तू पाहिली आहेस. खोली आहे ती, तिला लोखंडी दार आहे, शवपेट्या आत ओळीनं ठेवतात. किल्ली पाद्र्याकडे असते. तुझ्या बापाची दीक्षा नुकतीच झाली होती, दाढीसुद्धा धड वाढली नव्हती. मी त्याच्याकडे गेलो, बूट ओले, पायाला जाणीव नाही. म्हटलं, बुलुस, दार उघड, एकदा तिचं तोंड बघू दे. बर्फ आहे, अजून काही बिघडलेलं नसणार. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. जमिनीकडे बघून म्हणाला, "नियम नाही. कबर एकदा बंद झाली की घरातला पुढचा माणूस जाईपर्यंत उघडत नाहीत." मी म्हटलं, पुढचा माणूस आत्ता इथेच होऊन दाखवू का? तो आत निघून गेला आणि त्यानं दार लावलं.

बस, एवढंच. तेव्हापासून मी त्याच्याशी बोललो नाही. प्रसादाला वरच्या मठात जातो, त्याचा हात चुंबत नाही. आत बसायचं काम माझ्याकडे आलं ते त्याच पास्काला, कारण नरकाच्या राखणदाराइतका वाईट चेहरा गावात तेव्हा माझाच होता.

म्हणून थोमा माझा माणूस. उशीर झाला त्याला. त्यानं हट्ट धरला, पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणून. आणि प्रभू त्याला म्हणाला, ये, जखमेला इथे बोट लाव, इथे हात घाल. त्यानं नियम सांगितला नाही. त्याच प्रभूचा पाद्री माझा सख्खा भाऊ, आणि मला आईचं तोंड बघू दिलं नाही. हे मला अजून समजत नाही, पोरी. रागापेक्षा ते न समजणंच जास्त आहे. तू शिकलेली आहेस, तुला समजलं तर कळव.

मितरी

•

बैरूत, १ एप्रिल

प्रिय काका,

तुमचं पत्र वाचून मी खूप रडले. मग तोंड धुऊन वर्गावर गेले.

सांगायच्या गोष्टी दोन आहेत. एक आधी सांगते, कारण दुसरी सांगावी की नाही ते मला ठरवता येत नाहीये.

काल आम्ही थोमाचा पुढचा भाग वाचला, आठ दिवसांनंतरचा. मी हा भाग आयुष्यभर ऐकत आले, बाबांच्या तोंडून, दरवर्षी पास्काच्या पुढच्या रविवारी. पण काल मुलींच्या बरोबर बोट ठेवून वाचताना एक ओळ दिसली. आठ दिवसांनी शिष्य पुन्हा त्याच खोलीत आहेत, आणि दार पुन्हा आतून लावलेलंच आहे! काका, त्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या जखमा पाहिल्या होत्या. तो उठलाय हे त्यांना पक्कं माहीत होतं, थोमाला ते तसं सांगतही होते. तरी कडी लावलेली. पाहूनही त्यांची भीती गेली नव्हती. आणि अशा घाबरटांबरोबर थोमा आठवडाभर राहिला, त्याला काहीच पटलेलं नसताना. तो का निघून गेला नाही? त्यांनी तरी त्याला का ठेवून घेतलं? तुम्हाला काय वाटतं?

आता दुसरी गोष्ट. आमच्या शाळेचे धर्मगुरू ऐंशीच्या घरातले आहेत, जन्म सगळा पूर्वेकडच्या रीतीच्या चर्चमध्ये गेलेला. त्यांना मी नाव न सांगता विचारलं, कबर बंद झाल्यावर मुलासाठी उघडायची नाही असा नियम आहे का? ते म्हणाले, "कोण म्हणालं? मी स्वतः तीनदा उघडली आहे. उशिरा आलेल्या लेकराला आईचं तोंड दाखवू नये असा नियम कोण करेल?"

म्हणजे नियम नव्हता. मग बाबा तसं का म्हणाले, मला ठाऊक नाही. मी त्यांच्या बाजूनं काही सांगत नाही आणि तुमच्याही नाही. मला फक्त कळून घ्यायचं आहे.

शुक्रीचं मिटलं. मी बाबांना लिहिलं होतं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं, प्रवचन नाही: "जोवर मी बाहेर आहे तोवर आत मितरीच बसेल."

मी पास्काच्या आदल्या शनिवारी येते. पण वसतिगृहाच्या मुलींना सोडून जास्त राहता येत नाही, रविवारी जेवण झालं की लगेच परतीची बस धरायची आहे.

नजला

•

बैरूत, १२ एप्रिल

प्रिय मितरीकाका,

ख्रिस्त उठला!

रविवारी जेवायला तुमची वाट पाहिली. मी तुमच्या दुकानावरही आले होते, फळी लावलेली होती. मी ठोकलं. तुम्ही आत होता का? बस सुटायला आली म्हणून थांबले नाही. आईनं दिलेले खजूर भरलेले मामूल पायरीवर ठेवले होते, मांजरानं खाल्ले नसतील तर बरं.

बाहेरून आम्हाला काय दिसलं ते सांगते. तुम्ही आतून काय ते सांगा, कारण गावात दोन तट पडलेत आणि मला खरं हवंय.

पहिल्यांदा बाबांनी ठोकलं, तुम्ही विचारलंत, काय आवाज लागला होता काका, माझ्या अंगावर काटा आला. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा बाबांनी ठोकलं, हाक दिली, आणि आतून काहीच नाही. लोकांना वाटलं तुम्ही मुद्दाम ताणताय. पोरं खुसखुसली. बाबांनी पुन्हा ठोकलं. काही नाही. वारा सुटला होता, मेणबत्त्या विझायला लागल्या, माझी विझली, मी आईच्या मेणबत्तीवरून पेटवून घेतली. मग कुजबुज सुरू झाली. चक्कीवाल्याची बायको म्हणाली, "बघा, शेवटी सूड उगवलाच." एक कारभारी शुक्रीला म्हणाला, मागच्या खिडकीतून शिर. बाबा तसेच उभे. ते काही केल्या पुढचं वाक्य म्हणेनात.

मग त्यांनी क्रूस शेजारच्या माणसाच्या हातात दिला. खाली वाकले, भरजरी झगा पार चिखलात, आणि किल्लीच्या भोकाला तोंड लावून ओरडले, "मितरी! दादा, दार उघड! मी बुलुस!"

असं कुठल्याच पोथीत नाही. आणि दार उघडलं.

तुम्ही दोघं एकमेकांसमोर उभे होता, मला बाबांच्या खांद्यावरून तुमचा चेहरा दिसला. मग गर्दी आत लोटली, घंटा वाजायला लागल्या, आणि मिस्सा संपली तेव्हा तुम्ही नव्हता.

काका, खरं सांगा. मुद्दाम केलंत का? केलं असेल तरी मी तुमचीच आहे.

नजला

•

ऐन-तूता, १४ एप्रिल

नजला पोरी,

खरोखर उठला!

मामूल मिळाले. मांजरानं दोन खाल्ले, बाकी मी. दुकानात होतो, खरं आहे, पण फळीवर ठोकलेलं मला कसं ऐकू येणार, वेडे? ऐकू आलं असतं तरी उघडलं असतं की नाही ठाऊक नाही. मला कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं.

मुद्दाम नाही केलं. आता माझी युक्ती ऐक, कुणाला सांगितली नाही. दोन वर्षं मला बाहेरचं शब्दानं काही कळत नाही. मी तळहात दाराच्या फळीला लावून बसतो. दांडा आपटला की हाताला कळतो. मग मनात त्याचं वाक्य म्हणतो, संपलं असं वाटलं की माझा प्रश्न विचारतो. गेल्या वर्षी घाई झाली, एवढंच.

यंदा पहिल्या दोन वेळा जमलं. आणि मग तुझा तो ऐंशी वर्षांचा पाद्री डोक्यात आला. नियम नव्हता. तिथे काळोखात उभ्या उभ्या मी विचार करू लागलो, नियम नव्हता तर मग काय होतं? एकोणीस वर्षं मी त्या नियमाशी भांडत आलो आणि तो नव्हताच. बुलुस खोटं बोलला? हा पोरगा खोटं बोलायचा ते एकाच कारणानं. लहानपणी विहिरीपाशी साप दिसला की म्हणायचा, आईनं पाणी आणायला नको म्हणून सांगितलंय. तुझं ते पण आठवलं, पाहूनही कडी लावून बसले ते. विचाराच्या नादात हात फळीवरून कधी निघाला कळलं नाही. खिशात रुमाल शोधत होतो. नाक गळत होतं, थंडीनं म्हण.

मग एकदम आवाज आला. "मितरी!"

किल्लीच्या भोकातून, माझ्या कानापासून वीतभर अंतरावरून. आणि पोरी, आवाज आईचा होता. तुला हसू येईल. मी पण नंतर हसलो. पण बुलुसचा आवाज म्हातारपणी आईवर गेलाय, आणि दाराबाहेरून वाकून अशी हाक तीच मारायची, मी रागावून कोठीत कडी लावून बसलो की. मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही, तिचा आवाज मात्र ऐकला. मग कळलं की तो बुलुस आहे. तोवर अडसर काढून झाला होता.

वर्गात कधीतरी मग्दालियाच्या मरियेचं शिकवशील तेव्हा सांग. ती कबरीपाशी समोर उभ्या प्रभूला माळी समजली. त्यानं तिचं नाव घेतलं तेव्हा ओळखलं. मला ते नेहमी खोटं वाटायचं, असं कसं कुणी ओळखत नाही समोरच्याला. आता नाही वाटत.

तो माझ्यासमोर उभा होता. गर्दीच्या आडोशानं निघून आलो. आता रस्त्यात दिसला तर काय बोलू ते कळत नाही. मी काही बोललो आणि त्याचं उत्तर मला ऐकू आलं नाही तर? त्याला वाटेल, याला ऐकायचंच नाहीये. एवढ्या वर्षांनी दार उघडलं आणि कान बंद. देवाला पण काय गंमत सुचते.

मितरी

•

बैरूत, १५ एप्रिल

प्रिय काका,

घाईत दोन ओळी, आज टपालात पडल्या तर उद्या शुक्री देईल.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नव्हती. रविवारी बसपाशी बाबा मला सोडायला आले, तेव्हा मी त्यांना सरळ विचारलं, कबर न उघडायचा नियम कुठे लिहिलाय? त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं, "मितरीला अजिबात ऐकू येत नाही का?" मी म्हटलं, कानाशी ओरडलं तरच. ते म्हणाले, "मग कसं सांगू? ती गोष्ट हळू सांगण्यासारखी आहे."

मी म्हटलं, बाबा, हळू सांगायची वेळ निघून गेली. आता ओरडूनच सांगावी लागेल.

काका, रविवारी थोमाचा भाग वाचून झाला की दुकानाची फळी लावू नका.

नजला

•

ऐन-तूता, १८ एप्रिल

नजला पोरी,

ख्रिस्त उठला, आणि तुझा बाप काल माझ्या दुकानात आला.

फळी लावली नव्हती, तू सांगितलंस म्हणून. तरी त्यानं चौकटीवर हात ठोकला. मला आरशात दिसला. या वेळी मी विचारलं नाही कोण म्हणून. खुर्चीकडे बोट दाखवलं. आला, बसला, झगा सावरला. गावातली ही एकच दाढी, जिच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. काय अवस्था करून ठेवली होती तिची, तुझ्या आईनं काही म्हणायला हवं होतं. मी टॉवेल बांधला, कात्री घेतली, डाव्या हातानं हनुवटी वर उचलली. आम्ही दोघं आरशात एकमेकांकडे बघत होतो. त्यानं तोंड उघडलं तशी मी कात्री बाजूला ठेवली.

मग तो ओरडला. तुझा बाप ओरडला म्हणजे काय ते तू जाणतेस, बाटल्या हलल्या.

"मी घाबरलो होतो!"

मी म्हटलं, "काय?"

"घाबरलो होतो, दादा! नियम नव्हता! माझ्या हातानं कबरीत ठेवलेलं पहिलंच माणूस ती, आणि ती आई! ते दार पुन्हा उघडायची मला हिंमत नव्हती! तुझ्याबरोबर मलाही बघावं लागलं असतं!"

समोर बेकरीवाला पीठ मळायचा थांबला. चक्कीवाल्याची बायको कोपऱ्यावर उभी राहिली. रविवारची दुपार, सगळी गल्ली दारात आलेली. मी कानामागे हात धरला आणि म्हटलं, "काय म्हणालास?"

तिसऱ्यांदा तो ओरडला तेव्हा रडत होता. "लोकांना सांगत होतो की मरण हरलं आणि एका शवपेटीला भ्यालो! तुला नियम सांगितला! मग रोज वाटायचं, उद्या सांगू! किल्ली अजून माझ्याच खिशात आहे, मितरी! म्हणशील तर आत्ता उघडतो!"

मी म्हटलं, नको. एकोणीस वर्षांनी काय बघायचंय? तिचा आवाज ऐकला, पुरे. त्याला ते समजलं नाही, मी नंतर समजावलं. मग त्यानं काय करावं? माझा हात धरला आणि चुंबला. पाद्र्यानं न्हाव्याचा! मी ओढून घ्यायला गेलो, तो सोडेना. म्हणाला, थोरला आहेस. साबणाची चव लागली असणार त्याला, तोंड वाकडं केलंच.

मग दाढी नीट केली. बरा दिसतो आता, जरा आमच्या आईसारखाच दिसतो. जाह्लेच्या डॉक्टरकडे मला तोच नेणार आहे, उद्या मंगळवारी. नळी कानात घालून बसवतील म्हणतो. मी म्हटलं, कशाला, तुझं प्रवचन ऐकायला? पण जाईन.

तुझ्या वर्गाला सांग, थोमा का राहिला ते मला कळलं. त्या घाबरटांना सोडून जायला त्याचे पाय उचलले नसतील. आणि दार ठोठावायचं कारण अजून नीट कळलं नाही, पुढच्या पास्काला आत बसून पुन्हा विचार करीन. कारभारी म्हणतायत, आता मितरीलाच बसू द्या, दार उघडायची पद्धत त्याची चांगली आहे.

आता एक सांगतो, पण बापाला कळू देऊ नकोस, आणि हे पाकीट मी शुक्रीसमोर दोनदा चिकटवणार आहे. खुर्ची माझी, कान त्याच्या तोंडापाशी, आणि आवाज आईचा. पोरी, मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

तुझा काका,
मितरी